चष्मा बसतो ती जागा

"आणि तुम्हाला तुमचं काम आवडतं का?" शहाणीने डॉक्टरांना विचारलं, आणि तिच्या आईने कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

डॉक्टर खूश. "वा! हे मला आजवर एकाही पेशंटने विचारलं नव्हतं."

कसं विचारतील? तो प्रश्न आईनेच शिकवलेला होता. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, मग आपण एक विचारायचं, आणि समोरचा बोलायला लागला की मान हलवायची. दहा वर्षांच्या पोरीने हे सगळं पाढ्यांसारखं घोकून ठेवलं होतं. घरीदारी सगळे तिला शहाणी म्हणत ते काही उगीच नाही.

"बघा, नजरेला नजर देते, हसते, गप्पा मारते," डॉक्टर म्हणाले. "जरा बुजरी असेल, मुली असतातच. ऑटिझम मुलग्यांमध्ये जास्त हो. मुलींमध्ये तसा कमीच दिसतो."

"दिसतो कमी, की असतो कमी?" आईचा आवाज तिच्याही नकळत चढला.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. ते नुसते हसले. "शाळा म्हणतेय आदर्श विद्यार्थिनी, आणि तुम्हीच काय मागे लागलाय तिच्या? महिन्याभराने या पुन्हा, पाहिजे तर."

ही आदर्श विद्यार्थिनी रोज घरी आली की दप्तर दारात टाकून जेवणाच्या टेबलाखाली शिरायची, आणि अंधार पडेपर्यंत बाहेर यायची नाही. हात लावला तर किंचाळायची. मागच्याच आठवड्यात तिने स्वतःचा दंड चावून काळानिळा केला होता. शाळेला सांगायला गेलं तर बाई म्हणायच्या, "इथे तर काहीच त्रास नसतो हो तिचा," म्हणजे खोट काय ती घरात. पुढच्या वर्षी दोन तुकड्या एकत्र करून मोठ्या हॉलमध्ये बसवणार होते. ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांच्यासाठी शाळेत एक छोटी शांत खोली होती, पण ती डॉक्टरांचा कागद असेल तरच. त्या हॉलमध्ये आपली पोर टिकणार नाही हे आईला लख्ख दिसत होतं. ते दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं, हेच तिच्या डोक्यात जात होतं.

जावेच्या मुलाला तो कागद तिसऱ्या वर्षीच मिळाला होता.

"आमचा हिरो डॉक्टरांच्या टेबलावर चढून पंख्याशी बोलायला लागला," जाऊ म्हणाली. "खुर्चीत बसायच्या आत निकाल! तुझी बसते गुडघ्याला गुडघा लावून, वर त्यांचीच खुशाली विचारते. कोण देणार तिला कागद?"

"मग काय, तिलाही टेबलावर चढवू?"

"चढव की!"

दोघी हसल्या, पण ते हसणं काही फार टिकलं नाही.

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमी चढवायच्या, कानामागे बोट घालून बघायचं, काड्या वाकवायच्या. तिचे स्वतःचे डोळे घारे होते, आणि गिऱ्हाइकं फ्रेमीच्या आधी तेच बघत. एक आजोबा दर खेपेला म्हणत, "बाई, या डोळ्यांवर कधी चष्मा चढवू नका, पाप लागेल."

शहाणी पाच वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी तक्रार केली होती की ही कुणाकडे बघत नाही. "डोळे सारखे हलतात. ओले असतात. मला नको वाटतं," शहाणी म्हणाली होती. तेव्हा आईने तिला दुकानातली युक्ती दिली. "डोळ्यांत बघूच नकोस. दोन डोळ्यांच्या मधे, चष्मा बसतो ना, तिथे बघ. समोरच्याला वाटतं तू डोळ्यांतच बघतेयस." बाईंची तक्रार थांबली. आईला तेव्हा आपल्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं!

पुन्हा जायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी ती टेबलापाशी फरशीवर बसली.

"उद्या डॉक्टरांकडे शहाण्यासारखं वागू नकोस हं."

टेबलाखालून आवाज आला. "मग कसं वागू?"

"तुला वाटेल तसं."

"तसं म्हणजे कसं? तू दाखव. मी पाठ करते."

आईला राग आला. आधी पोरीचा, मग डॉक्टरांचा, मग शाळेचा, आणि फिरून फिरून शेवटी स्वतःचा. दाखवणार काय, कपाळ?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शहाणी खुर्चीत ताठ बसली, हसली, डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही कसे आहात?" डॉक्टरांनी आईकडे असं पाहिलं की तिचा बांधच फुटला.

"ती तुमच्या डोळ्यांत बघत नाहीये! चष्मा बसतो तिथे बघतेय. मी शिकवलंय तिला. सगळं मी शिकवलंय. खोटं वाटत असेल तर विचारा!"

आईची समजूत काढायची म्हणून डॉक्टरांनी डोळ्यांवर हात धरला. "सांग बघू बेटा, माझे डोळे कसे आहेत?"

हा प्रश्न पाठांतरात नव्हता. शहाणी गोंधळली. "माहीत नाही. तिथे चष्म्याचे दोन खळगे आहेत. डावा जास्त खोल आहे."

डॉक्टरांनी हळूच हात खाली घेतला. "बरं, मी तर परका. आईचे सांग."

आईला हायसं वाटलं. हे तर रस्त्यावरचं कुणीही सांगेल.

"काळे," शहाणी म्हणाली. "सगळ्यांचे काळेच असतात ना?" मग ती घाईघाईने पुढे म्हणाली, "पण तिथे एक उभी आठी आहे. मी शाळेतून आले की जास्त खोल होते. ती मला पाठ आहे."

डॉक्टरांनी त्या घाऱ्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर टेबलावर वळवली. "आपण पहिल्यापासून सगळं बघू," ते म्हणाले. "तपासण्यांना वेळ लागेल. शाळेला मात्र मी आजच लिहून देतो."

ज्यासाठी इतकी धावाधाव केली ते हातात आलं होतं. आईने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आभार मानायचे असतात हे तिला दाराबाहेर आल्यावर आठवलं.

"यापुढे माझ्याकडे बघायची गरज नाही," व्हरांड्यात ती म्हणाली. "बोलताना वाटेल तिकडे बघ."

"तुला राग नाही येणार?"

"नाही येणार."

शहाणीने तिथल्या तिथे मान वळवली. मग आईच्या पर्सचा पट्टा धरून, भिंतीकडे बघत, ती लिफ्टच्या बटणांविषयी भराभर बोलायला लागली. कुठलं बटण अडकतं, कुठलं उशिरा पेटतं, एकामागून एक, आणि मधे कुणाचीही खुशाली न विचारता. इतकं ती कधीच बोलली नव्हती.

आई हं हं करत चालत होती. चालता चालता तिने भुवयांच्या मधे अंगठा दाबून ती आठी सपाट करून पाहिली. ती काही जाईना.