बिनमुंडक्याचा कोट

लोर्नाला ही बातमी कळली ती शाळेच्या जेवणाच्या रांगेत वाढताना, हातात चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचा, डाव असताना.

"आत्या, या वर्षी तू काही शिवू नकोस हं," ताट पुढं करत हॅटी म्हणाली. "कोरीन करतेय माझं हॅलोवीनचं सोंग. मी बिनमुंडक्याची होणारेय. माझंच मुंडकं माझ्याच हातात!"

"अरे वा," लोर्ना म्हणाली, आणि डावातली चिली ताटात पडायची ती दालचिनीच्या रोलवर पडली.

"आत्या! माझा रोल!"

"दुसरा घे. घे, दोन घे."

मागच्या पोरानं लगेच आवाज दिला, "मलापण दोन!" लोर्नानं त्याच्याकडे असं पाहिलं की ते पोर एकही न घेता पुढं सरकलं.

हॅटी लोर्नाच्या धाकट्या भावाची, ड्वेनची मुलगी. दोन वर्षांची असताना तिची आई ओरेगॉनला निघून गेली. तिकडून वाढदिवसाला कार्ड येतं, कधी वेळेवर, कधी महिन्यानं. ड्वेन टायरच्या कारखान्यात पाळ्या करणारा. तेव्हा पोरीच्या वेण्या, दात, ताप, गृहपाठ हे सगळं सात वर्षं लोर्नानं पाहिलं. लोर्नाला स्वतःचं लेकरू नाही, नवराही नाही. होता एकदा, पण त्याच्याविषयी ती बोलत नाही आणि विचारायची कुणाची छाती होत नाही.

या सात वर्षांत ऑक्टोबर महिना मात्र लोर्नाचा होता. त्यांच्या गावात, डी मॉइनमध्ये, सोंगं घेतलेल्या पोरांची हॅलोवीनची फेरी इतर ठिकाणांसारखी एकतीसला निघत नाही, तीसला निघते. त्या संध्याकाळला 'मागत्यांची रात' म्हणतात. सहा ते आठ, दोन तास. दारात जाऊन आधी विनोद सांगायचा, मग हातावर गोड गोळी पडते. नुसतं तोंड वासून उभं राहिलं तर काही मिळत नाही. लोर्ना सोंगही करायची आणि विनोदही शिकवायची. एकदा तिनं पोरीला कणीस केलं होतं, एकदा टपालपेटी. टपालपेटीच्या फटीतून लोकांनी गोळ्या आत टाकल्या आणि हॅटी चालली की खुळखुळ वाजायची. गल्ली अजून ते सांगते. निदान लोर्ना तरी सांगते.

आणि जूनमध्ये ड्वेननं कोरीनशी लग्न केलं.

कोरीन ॲरिझोनाची. वाळवंटातली. उंच, सडपातळ, कमी बोलणारी; हार्डवेअरच्या दुकानात नळजोडणीच्या विभागात काम करणारी. तिच्यात खोट काढायला लोर्नानं जून, जुलै, ऑगस्ट घालवले आणि हाती फक्त एवढं लागलं, की बाई कॉफी फार पातळ करते.

रविवारी लोर्ना भावाकडे गेली ती केळ्याचा ब्रेड घेऊन. ब्रेड हे निमित्त होतं. दिवाणखान्यात तिघं जमिनीवर बसलेली आणि मध्ये पसारा: पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे, कोपऱ्याचे जोड, हॅटीचं जुनं दप्तर, ड्वेनचा लग्नाआधीचा तपकिरी कोट.

"ये ताई, बघ तरी," ड्वेन म्हणाला. "बायको माझी इंजिनिअर निघाली!"

"बघतेय ना," लोर्ना म्हणाली.

आणि खरंच, ती बघत राहिली. कोरीननं दप्तराचे पट्टे ठेवले होते आणि पिशवी कापून टाकली होती. पट्ट्यांना नळ्यांचा सांगाडा बांधला होता. तो हॅटीच्या पाठीवरून वर जाऊन तिच्या डोक्याच्याही वर दोन आडवे खांदे काढत होता. त्या खोट्या खांद्यांवर ड्वेनचा कोट टांगला, की वर राहायची नुसती रिकामी कॉलर. कॉलरीत लाल रंगवलेला फोमचा तुकडा, म्हणजे कापलेली मान. हॅटीचा खरा चेहरा खाली, कोटाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधून बाहेर. हनुवटीखाली भांडी घासायचे रबरी हातमोजे, कापूस भरून पिनांनी कोटाला लावलेले. पोरीचे खरे हात आत.

"उभी राहा," कोरीन म्हणाली.

हॅटी उभी राहिली आणि लोर्नाच्या अंगावर सर्रकन काटा आला. समोर एक मुंडकं नसलेला माणूस होता, आणि त्याच्या हातात तिच्या हॅटीचं डोकं हसत होतं.

"सगळं मिळून सहा डॉलर," कोरीन म्हणाली. "नळ्या दुकानातल्या उरलेल्या होत्या. फोम गादीचा. खर्च काय तो रंगाचा आणि हातमोज्यांचा." मग जरा थांबून, "लोर्नाताई, तुम्ही इतकी वर्षं करताय. काही चुकतंय का? सांगा ना."

चुकत होतं. लोर्नाला ते दारातूनच दिसलं होतं.

हॅटी अंगात पातळ टी-शर्ट घालून उभी होती. पट्टे त्या टी-शर्टावर आवळलेले, कोटाची बटणं नेमकी बसलेली, चेहऱ्याची फट अगदी मापात. बाहेर ऑक्टोबरचं कोवळं ऊन, खिडक्या उघड्या. पण डी मॉइनमध्ये जन्मलेली कुठलीही बाई सोंगाचं माप टी-शर्टावर घेत नाही. आधी पोराला हिवाळी कोट चढवते, तो जाडजूड, फुगीर. आणि मग त्याच्यावरून फीत फिरवते. कारण तीस तारखेला हमखास थंडी पडते, आणि इथं प्रत्येक आई दारात उभी राहून तेच एक वाक्य म्हणते: कोट घाल, नाहीतर जायचं नाही. इथल्या पऱ्या जाड्या असतात, इथली भुतं गुबगुबीत असतात. ॲरिझोनाच्या बाईला हे कोण सांगणार?

"नाही गं," लोर्ना म्हणाली. "छान झालंय. अगदी मापात."

शेवटचा शब्द तिनं मुद्दाम घातला. घरी जाताना गाडीत तोच शब्द तिला पुन्हा पुन्हा चघळावासा वाटला, आणि दुसऱ्या सिग्नलपर्यंत त्याची चव कडू झाली.

सोमवारी तिनं बातम्यांतलं हवामान पाहिलं. गुरुवारी, म्हणजे तीसला, उत्तरेचा वारा, संध्याकाळी पाणी गोठेल इतकी थंडी. तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचं वाईटही वाटलं, पण बरं वाटलं ते जास्त. तिनं मनाशी चित्र रंगवलं: कोट बसत नाही, कोरीनचा चेहरा पडलाय, ड्वेनचा फोन येतो, 'ताई, तूच आता काहीतरी कर', आणि लोर्ना दारात उभी. हातात सोंग. कारण सोंग तिनं करायला घेतलं होतं. घुबडाचं, तपकिरी फ्लॅनेलचं, कोटावर बसेल असं दोन मापं मोठं. मंगळवारी पिसं शिवली, बुधवारी चोच.

बुधवारीच रांगेत हॅटी खोकली. साधंच, एकदा. गेल्या फेब्रुवारीत या पोरीला न्यूमोनिया झाला होता. चार दिवस दवाखान्यात लोर्ना तिच्या उशाशी खुर्चीत झोपली होती. डाव हातात धरून लोर्ना म्हणाली, "हॅटी, त्या कोरीनला सांग..."

"काय?"

"काही नाही. घशाला गरम पाणी दे म्हणावं."

गुरुवारी साडेपाचला फोन आलाच. पण ड्वेनचा नव्हता. "आत्या, लवकर ये," हॅटी रडत होती, "पप्पा म्हणतात मी जायचंच नाही."

लोर्नानं घुबड पिशवीत भरलं. आपण किती पटकन भरलं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं गाडी जरा जोरातच काढली.

घरात हॅटी जाडजूड निळा कोट घालून मध्यभागी उभी होती. पट्टे खांद्यापर्यंतसुद्धा चढत नव्हते. कसेबसे चढवले तर सांगाडा वर सरकायचा आणि ड्वेनच्या कोटाची बटणं वीतभर लांब राहायची. चेहऱ्याच्या फटीत चेहरा नव्हता, निळा कोट होता. कोरीन गुडघ्यांवर बसून तोंडात पिना धरून ओढाताण करत होती. तिची मान लाल झाली होती.

"कोट काढून जाते मी," हॅटी म्हणाली. "पप्पा, दोनच तास!"

"न्यूमोनियाची हौस आहे का तुला? कोट घाल, नाहीतर जायचं नाही."

"मग पिशवीतलं घाल," लोर्ना म्हणाली आणि घुबड बाहेर काढलं. "हे बसेल. तुझ्या मापाचं आहे."

हॅटीनं घुबडाकडे पाहिलं. पोर चांगली होती. ते छान आहे हे तिला कळलं. आणि तिला आणखीही काहीतरी कळलं.

"हे कोटावर बसेल असं केलंयस," ती म्हणाली.

"हो ना."

"म्हणजे तुला माहीत होतं? तू तर नेहमी कोटावरूनच माप घेतेस. मग रविवारी का नाही बोललीस?"

कोरीननं तोंडातल्या पिना काढल्या, एक एक करून, आणि तळहातावर ठेवल्या.

"तुम्ही रविवारी इथंच होतात," ती म्हणाली.

"होते."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

"अगं ताई..." ड्वेन म्हणाला, आणि जमिनीवरच्या नळ्या गोळा करायला लागला. टायरच्या कारखान्यात असले प्रसंग येत नाहीत.

लोर्नाला वाटलं, कोरीननं आरडाओरडा करावा. मग आपणही चार शब्द सुनावू, सात वर्षं मोजून दाखवू, दवाखान्यातली खुर्ची काढू. पण ती बाई नुसतीच बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. कोरीन वयानं तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आहे, हे लोर्नाला पहिल्यांदाच ध्यानात आल्यासारखं झालं. परक्या गावात, परक्या पोरीसाठी, नळ्या कापत बसलेली.

"कात्री आण," लोर्ना म्हणाली. "अजून वीस मिनिटं आहेत. होतंय ते." तिनं तपकिरी कोटाला हात घातला.

कोरीननं कोट सोडला नाही.

"कात्री मी चालवीन," ती म्हणाली. "तुम्ही सांगा कुठं."

लोर्नाचे हात तसेच हवेत राहिले. हे तिच्या हिशेबात नव्हतं. निस्तरायला बोलावतील, आपण निस्तरू, पोरगी गळ्यात पडेल, इथवरच ती आली होती. आता नुसतं तोंडानं सांगायचं, आणि करणार दुसरी.

"पाठीकडून," ती अखेर म्हणाली. "मधली शिवण उसव, कॉलरीपासून खालपर्यंत. कापड कापू नकोस. पाठ कोण बघतंय? पोरं दाराकडे तोंड करूनच उभी राहतात."

कोरीननं उसवायला घेतलं. वेडंवाकडं. टाके एकेक कापायच्या ऐवजी ओढून तोडत होती. लोर्नानं हात काखेत दाबून धरले.

"कात्रीचं टोक आत घाल. हां. ड्वेन, तुझा पट्टा काढ. पँटचा रे! तो दप्तराच्या पट्ट्यांना जोड, लांबी मिळेल."

"माझी पँट?"

"धरून बस!"

हॅटी रडता रडता हसली.

"सांगाडा वर गेलाय," कोरीन म्हणाली. "फुगीर कोटामुळं. नळी दोन बोटं कमी करते." हे लोर्नाला सुचलं नसतं. करवत चार वेळा फिरली आणि खांदे जागेवर आले. पाठीची उघडी फट कोरीननं आपल्या गुलाबी मफलरनं बांधली. सहाला पाच कमी होते. हॅटीनं बटणांमधून तोंड बाहेर काढलं.

"दिसतेय का मी मेलेली?"

"पुरती," ड्वेन पँट धरून म्हणाला.

"विनोद ठरलाय का तुझा?" लोर्नानं विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं.

"हो. लोक विचारतील, डोकं हातात का? मी म्हणणार, घरचे रोज ओरडतात, निघताना डोकं विसरत जाऊ नकोस!"

"कुणी सांगितला?"

"मीच केला," हॅटी म्हणाली. त्यावर लोर्नाला कुणावरच जळता येईना, तेव्हा ती हसली.

दरवर्षी पोरीबरोबर गल्ली फिरायची ती लोर्ना. या वर्षी कोरीननं टोपी घातली, टॉर्च घेतला आणि दारातून वळून म्हणाली, "गोळ्यांचं पातेलं ओट्यावर आहे. दाराशी तुम्ही बसाल ना?" प्रश्नासारखं बोलली, पण तो प्रश्न नव्हता. रागही अजून गेला नव्हता. आवाजात होता तो. लोर्नानं पातेलं उचललं.

ती पायरीवर घोंगडी घेऊन बसली. दोन गुबगुबीत चेटकिणी आल्या, एक जाडा अंतराळवीर आला, विनोद सांगून गोळ्या घेऊन गेले. समोरच्या फुटपाथवरून बिनमुंडक्याचा माणूस चालला होता आणि मागून कोरीन एका हातानं सांगाडा सावरत होती. पहिल्या दारात म्हातारी मिसेस प्रुइट किंचाळली, मग खो खो हसली. हॅटी वळली. तिनं कुणाकडे पाहिलं? कोरीनकडे. पायरीकडे नाही. लोर्नाच्या छातीत बारीकशी कळ गेली. तिला माहीत होतं, ती कळ पुष्कळ दिवस राहणार.

हॅटी दुसऱ्या दाराकडे निघाली तेव्हा लोर्नाला दिसलं, की हनुवटीखालचा एक रबरी हात लोंबतोय. पिन सुटत होती. वाऱ्यात तो पडला, की सगळा खेळ उघडा. कोरीन मागे होती, तिला तो दिसणं शक्य नव्हतं. पुढच्या दारात पोचेपर्यंत तिकडं कुणालाच ते दिसलं नसतं.

लोर्नानं पातेलं खाली ठेवलं आणि उभी राहिली.

"कोरीन!" ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "हात पडतोय! पिन बघ!"

कोरीन थांबली, पोरीच्या पुढं आली आणि वाकली.

"ती नाही गं! उजवीकडची! तिच्या उजवीकडची!"

"कळलं!" कोरीन तिकडून तितक्याच जोरात ओरडली, आणि तिनं उजवीकडची पिन लावली.