बिनसाक्याचा अर्क

पावसाळ्यात पौलोसचं जेवण तुटलं. उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि माशाचं कालवण पुढे आलं की तो तोंड फिरवायचा. डिसेंबरात लेक जिन्सी डब्लिनहून तान्ह्या मुलीला घेऊन येणार होती आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातांवर धरायचा मान यंदा पौलोसचा होता. थोरल्या नातवाच्या वेळी तो मान रीतीप्रमाणे व्याह्यांना, अविराचनला मिळाला होता.

"चार घास खा हो," सोसम्मा नवऱ्याच्या मागे लागायची. "हात असे लटपटले तर बाळ पाण्यात पाडाल."

"अगं, पाण्यातच तर बुडवायचं असतं."

मळमळीवर सोसम्माचा उपाय ठरलेला होता. परसातलं आलं ठेचायचं, रस पिळायचा आणि वाटीत निवळत ठेवायचा. तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकून द्यायचा. आल्यात बाधणारं जे काही असतं ते त्या साक्यात, असं तिला आईने शिकवलं होतं. ते राहत त्या आदिमालीच्या डोंगरात सगळ्याच घरांत असंच करत. वरचा निवळ रस मधातून दिला की पौलोसला जरा बरं वाटायचं.

हे फोनवर कळल्यावर जिन्सीने गावी येणाऱ्या मैत्रिणीबरोबर आल्याच्या अर्काच्या बाटल्या पाठवल्या.

"अम्मच्ची, ठेचत बसू नकोस आता. याचे थोडे थेंब म्हणजे तुझी अख्खी वाटी."

सोसम्माने एक बाटली दिवसभर खिडकीत ठेवली. तळाशी काहीच बसलं नाही.

"बघा, साकाच नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "बाधायचं ते तिकडेच काढून टाकलंय."

मग सकाळी वाटी चालूच राहिली आणि दुपारी, संध्याकाळी थेंब सुरू झाले. थेंब ती मोजत नसे. पौलोस जेवू लागला. गुडघेही कमी दुखतात, म्हणाला. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, त्याचा दोष त्याने नव्या ब्रशला दिला.

हृदयाची झडप बदलल्यापासून तो रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होता. नोव्हेंबरच्या तपासणीत डॉक्टर शेरीन यांच्या कपाळाला आठी पडली.

"रक्त फारच पातळ झालंय. नवीन औषध काही चालू केलंत?"

"काही नाही, डॉक्टर," सोसम्मा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. आलं स्वयंपाकघरात असतं, औषधं कपाटात.

डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि आठवड्याने परत बोलावलं. तो आठवडा संपण्याआधीच एका सकाळी चहाचा कप पौलोसच्या हातातून निसटला. तो उचलायला उजवा हात पुढे होईना. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

जिन्सी आली ती थेट इस्पितळात. उशाशी ठेवलेली बाटली बघून डॉक्टर शेरीन थबकल्या.

"हे किती दिवस चाललंय?"

सोसम्माने सगळं सांगितलं.

"आलं चांगलंच आहे. मळमळीवर मीही देते," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्या गोळीबरोबर एवढा अर्क? यानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. मला आधी कळायला हवं होतं, एवढं खरं."

त्या गेल्यावर सोसम्मा लेकीला म्हणाली, "मी मोजून द्यायला हवं होतं गं."

"तू कशाला मोजशील? मी नर्स आहे ना!" जिन्सीचा आवाज चढला. "तिकडे प्रत्येक पेशंटला विचारते, पाला, मुळी, काढा काही घेता का. माझ्याच अप्पच्चनना नाही विचारलं. आलंच तर आहे, म्हटलं."

पौलोस वाचला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

बाप्तिस्म्याला त्याला खुर्चीतून चर्चमध्ये नेलं. बाळाला अविराचनने धरलं. तो अवघडला होता.

"पौलोस, मान तुझाच आहे रे. मी नुसता हमाल."

"हमाली नीट कर मग."

जिन्सीने वडिलांचा उजवा हात उचलून बाळाच्या पाठीखाली सरकवला. बाळाने पाय झाडले.

"अप्पच्चन, जड आहे ना?"

"आहे तर," पौलोस म्हणाला. "अगदी तुझ्यासारखी."

सोसम्माने मान वळवली. त्याच सकाळी त्याला अंघोळ घालताना त्या हातावर कढत पाणी पडलं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं.