तिसऱ्या बाजाराची पावती

मला एक खोड आहे. कुणी एखाद्या गोष्टीला हात लावू नको म्हटलं, की माझा हात आधी तिकडेच जातो. इंदापूरच्या आठवडी बाजारात त्या दिवशी तेच झालं आणि चांगली अद्दल घडली.

शहाण्णव साल, होळी नुकतीच होऊन गेलेली. बारामतीहून बदली होऊन मी इंदापूरच्या एका कचेरीत लिपिक म्हणून रुजू झाले होते आणि आठवडाभर भाड्याची खोली शोधत होते. पहिली खोली मी आडनाव सांगेपर्यंत रिकामी होती. सांगितलं, आणि ती मालकाच्या भाच्याची झाली. दुसरीकडे मालकीणबाईंनी भिंतीवर कुणाचा फोटो लावणार, असं गोड आवाजात विचारलं. मी बाबासाहेबांचा म्हटलं, तर त्यांना एकदम आठवलं की खोलीत यंदा ज्वारी ठेवायची आहे. तेव्हा बाजारात शिरले ती तापलेल्या डोक्यानंच. कुणाशी तरी भांडण व्हावं असंच मनात होतं.

बावड्याची केळी झाली, पळसदेवच्या बायकांची ओल्या पोत्याखाली झाकलेली मासळी झाली, मिरचीच्या ढिगाशी शिंका देऊन झाल्या. अगदी टोकाला, कांदेवालीच्या पलीकडं, एक म्हातारी काळ्या घोंगडीवर बसली होती. तिच्यापुढं फडक्यावर फळांचा ढीग होता. कोंबडीच्या अंड्याएवढी, जांभळट लाल, डोक्याशी जरा दबलेली. असलं फळ मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हात लावू नगं, बाय," म्हातारी म्हणाली.

मी लावला. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या फळाला केसाहून बारीक कुसं होती आणि ती सगळी माझ्या बोटांत शिरली. दिसेनात, पण हात मिटवेना. म्हातारी हसली नाही. तिनं माझा पंजा धरून घोंगडीच्या खरबरीत लोकरीवर दोनदा घासला, मग बोटं माझ्याच केसांवरून फिरवायला लावली आणि तरी राहिलेली कुसं कमरेच्या चिमट्यानं उपटली. मेंढरांच्या खुरातले काटे काढायचा चिमटा होता तो.

मग तिनं एक फळ काडीनं घोंगडीवर ढकललं आणि पायताणाखाली हलकेच लोळवलं. कुसं लोकरीत अडकून राहिली. दोन्ही टोकं सुरीनं कापून तिनं ते उभं चिरलं, आतला चांदणीसारखा काटा सुरीच्या टोकानं उचलून टाकला आणि गर माझ्या हातावर ठेवला. आंबटगोड, बियांनी गच्च, आणि रंग असा की ओठ, हनुवटी, ओढणी सगळं लाल.

हे फड्या निवडुंगाचं बोंड, ती म्हणाली. मी खजील झाले. तो निवडुंग बारामतीपासून एसटीच्या खिडकीतून मैलोन् मैल बांधाला उभा दिसायचा आणि कुंपणापलीकडे त्याचा काही उपयोग असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

म्हातारीचं नाव म्हाळसा. अंथुर्ण्याकडच्या माळावरची. नवरा सोनबा होता तोवर दोघं मेंढरांमागं फिरली. बहात्तरच्या दुष्काळात पोरांच्या पोटात भाकरीच्या जागी हीच बोंडं गेली, असं तिनं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही. आता मेंढरं विकली होती, मुलगा कारखान्यात लागला होता आणि आईनं घरात गप बसावं असं त्याचं म्हणणं होतं. तिला गप बसायचं नव्हतं. तिला बाजारात स्वतःची जागा हवी होती.

जागेचा नियम तिनंच मला समजावला. लागोपाठ तीन बाजार पावती फाडून एका जागी माल विकला, की ती जागा त्या माणसाची. मग तिथून कुणी उठवत नाही, मागं लेकीसुनेला मिळते. दोन पावत्या तिच्या कनवटीला होत्या. आजचा बाजार तिसरा.

तेवढ्यात बाजाराचा कर गोळा करणाऱ्या ठेकेदाराचा पावतीवाला आला. सर्जेराव. काखेत पावतीपुस्तक, कानावर पेन. त्याच्यामागं त्याचा मेव्हणा सफरचंदाच्या दोन पेट्या घेऊन उभा होता, म्हणजे जागा कुणासाठी हवी ते विचारायलाच नको. शेजारच्या कांदेवालीनं, झुंबरनं, आपली पावती घेतली आणि सर्जेराव म्हाळसेला म्हणाला, ऊठ. दोन बाजार गंमत म्हणून फाडली पावती. कुंपणाला उगवतं ते फळ नव्हं, ठेकेदाराच्या यादीत हे कुठंच न्हाय.

यादीत नाही, हे शब्द ऐकले आणि माझं उरलंसुरलं डोकं गेलं. मी विचारलं, यादी दाखवा. तो म्हणाला, तुमी कोण? मी म्हटलं, गिऱ्हाईक. त्याला माझ्याशी बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता. तो खाली बसला आणि पुढचा ढीग दोन्ही ओंजळींनी उचलून पाटीत टाकायला लागला. बागायती गावचा माणूस, निवडुंग त्यानंही माझ्यासारखा लांबूनच पाहिलेला. तिसऱ्या ओंजळीला त्याचे हात हवेत तसेच राहिले.

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मी म्हाळसेला म्हटलं, आधी पावती फाडायला लावा, मग काढा कुसं.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी शरमले.

"काटा काढताना अट घालत न्हाईत, पोरी."

तिनं सर्जेरावला घोंगडीवर बसवलं, त्याचे दोन्ही तळवे घासले, एकेक कूस चिमट्यानं काढली. पाच-दहा मिनिटं गेली. तो मान खाली घालून बसला होता. काम झाल्यावर तिनं चिमटा कमरेला खोवला आणि म्हणाली, "आता माजी पावती."

सर्जेरावनं मेव्हण्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं. शेवटी पुस्तकात बघत म्हणाला, "इतर म्हणून लिवतो. घ्या."

इतर. कचेरीत मी रोज तेच तर भरते. ज्याला कुठल्या रकान्यात बसवायचं नसतं त्याच्यासाठी तो शेवटचा रकाना असतो. आणि बाजारात 'इतर'च्या पावतीवर जागा मिळत नाही, हे झुंबरनं लगेच सांगून टाकलं.

"इतर न्हाय," म्हाळसा म्हणाली. "फळ लिव. झाडाला फूल आलं, फुलाचं हे झालं. आनि फळ म्हंजी काय असतंय?"

सर्जेरावनं पुस्तक मिटलं. तेव्हा झुंबरनं कनवटीची पावती काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. हिला न्हाय तर मलाबी नगं, म्हणाली, ठेकेदाराला सांग, कांदेवाली फुकट बसलीया, येऊन उठव. तिच्या पलीकडच्या लसूणवालीनं ठेवली. मग मिरचीवालीनं. सगळ्यांनाच म्हाळसेचा पुळका होता असं नाही. पण आज यादीतून बोंडं गेली तर उद्या कुणाच्या मेव्हण्यासाठी काय जाईल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

चौथी पावती मांडीवर पडली तसं सर्जेरावनं कानावरचं पेन काढलं. पण सुजलेल्या बोटांत ते धरवेना. मी हात पुढं केला. त्यानं पुस्तक माझ्याकडं दिलं, माझ्याकडं न बघता.

नाव काय लिहू, मी म्हातारीला विचारलं. आधीच्या दोन्ही पावत्यांवर 'सोनबाची मंडळी' असं लिहिलेलं होतं.

"निस्तं म्हाळसा लिव," ती म्हणाली. "माल माजा हाय."

मी लिहिलं. विक्रेता, म्हाळसा. माल, फळ. इतकं ठळक लिहिलं की खालच्या कार्बनावरही उमटावं. सर्जेरावनं सही म्हणून एक वाकडी रेघ ओढली. मेव्हण्यानं पेट्या उचलल्या आणि तो दुसरी जागा शोधायला गेला.

म्हाळसेनं तिन्ही पावत्या एकत्र घडी करून चोळीत ठेवल्या. सांडलेली बोंडं काडीनं पुन्हा फडक्यावर ओढली. मग उभं राहून तिनं हाळी दिली. दोन बाजार ती गिऱ्हाईक येईल तेव्हाच बोलली होती, ओरडली नव्हती, हे झुंबरनं मला नंतर सांगितलं. मेंढरांना माळभर हाका मारलेला आवाज होता तो, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मासळीवाल्या बायकांनी माना वळवल्या.

"फळं घ्या, फळं. माळावरची फळं."