गोल अळंबीचा धूर

डोमित्सेलेने विळा उचलला आणि तरातरा बागेकडे निघाली. धूर तिथूनच येत होता. माणसाच्या डोक्याएवढी ती गोल अळंबी वाळवून पेटवली की असा उग्र वास सुटतो, मधमाश्या गुंगून पटापट खाली पडतात. मग काय, ज्याला हवं त्याने पोळं उचलून न्यावं!

लिथुआनियातल्या त्या वाडीत यंदाचा हिवाळा वाईट गेला होता. मधमाश्या पाळायचे तिचे पोकळ ओंडके, त्यातले दोनच वाचले. त्यातल्या एकातला अख्खा थवा तीन दिवसांपूर्वी उडून गेला, आणि तेव्हापासून शेजारचा बाल्त्रुस कुंपणाशी घुटमळत होता. भला माणूस घुटमळतो कशाला?

लिंडनच्या झाडाखाली तोच ओणवा झाला होता. पायाशी अळंबी धुमसत होती.

"सापडलास, मेल्या! एक थवा गिळलास, आता दुसराही हवा?"

"हळू बोल, जाग्या होतील."

तिने वाकून पाहिलं. टोपलीतल्या गुंगलेल्या माश्या तो ओंजळीने तिच्या रिकाम्या ओंडक्यात सोडत होता.

"तुझ्याच आहेत. माझ्या सफरचंदावर येऊन बसल्या होत्या."

तिचा संशय उलट वाढला. माश्या कुणी विकत नाही, परतही करत नाही. ज्याच्या अंगणात थवा उतरतो तो मालकाचा सोयरा होतो, सणाला शेजारी जेवायला बसतो. थवा परत करायचा म्हणजे नातंच नाकारायचं.

"आमचं घर सोयरिकीला कमी पडलं का रे तुला?"

"माश्या माझ्याकडे उतरल्यात, हेच सांगायला तीन दिवस येतोय. तू लांबूनच चोर, चोर म्हणून ओरडतेस. चोराला कोण सोयरा करतं?"

डोमित्सेलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या मनगटातून रक्त गळत होतं, कुंपणाची तार लागली असावी. तिने विळा खाली टाकला, अळंबीच्या न जळलेल्या बाजूची चिमूटभर तपकिरी पूड घेतली आणि जखमेवर दाबून धरली.

रक्त थांबेपर्यंत ती थवा न उडालेल्या आपल्या एकमेव ओंडक्याकडे बघत राहिली.

"टोपली इकडे कर," ती शेवटी म्हणाली.

"आता काय?"

"माश्या परत भर. तुझ्या अंगणात उतरल्यात, तिथेच राहू देत. रविवारी जेवायला ये."

बाल्त्रुस टोपली घेऊन कुंपणापर्यंत पोचला, तेव्हा मागून तिची हाक आली.

"आणि मध काढशील ना, तेव्हा मी समोर असणार हं!"