पुढच्या टोकावरचा हात

मी होडी. जन्मापासूनची कहाणी सांगते, पण गोड आवाजात सांगेन अशी आशा ठेवू नका. मला भांडायचंय. माझा मागचा अर्धा भाग नदीने नेला. उरलेला पुढचा अर्धा गावकऱ्यांनी ओढून आंब्याखाली ठेवलाय आणि शहरातून आलेले पाहुणे माझ्यावर बसून फोटो काढतात. जिने एकोणीस वर्षं पाणी कापलं तिचं बाक केलं यांनी! राग येणार नाही तर काय होईल?

पनामाच्या जंगलात मी एक झाड होते. एंबेरा लोकांतल्या ओलिंपिओ मेसुआने मला पाडलं, कुऱ्हाडीने आणि लाकूड तासायच्या वाकसाने बावीस दिवस कोरलं, मग आतून आग देऊन माझं पोट फाकवलं. नदीपर्यंत ओढायला अख्खं गाव दोरखंडाला लागलं होतं. ओलिंपिओची बायको आवरेलिना मक्याची आंबवलेली चिचा भोपळ्यातून सगळ्यांना पाजत होती आणि ओरडत होती, "अरे, पिताय किती आणि ओढताय किती!" आयुष्यात एवढं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

आमच्या नदीवर होडी दोघं चालवतात. एक मागे इंजिनावर, दुसरा पुढच्या टोकावर लांब काठी घेऊन उभा. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून पुढच्याचा हात हाच हुकूम. डावा हात केला की डावीकडे, उजवा केला की उजवीकडे. दोन्ही हात वर गेले की इंजिन बंद, होडी काठाला आणि सगळ्यांनी खाली उतरायचं. का ते नंतर विचारायचं. हात फक्त पुढच्याचाच बघायचा, दुसऱ्या कुणाचा नाही, नाहीतर काठावरून जो तो शहाणपणा शिकवेल.

पुढे ओलिंपिओ असायचा. रबरी बूट, फाटकी टोपी, चेहरा कायम आंबट. पण पाण्याच्या रंगावरून तो वर डोंगरात काय झालंय ते सांगायचा. केळीचे घड, शाळेची बाकं, आजारी माणसं, अडलेल्या बायका, सगळं मी त्याच्या हातावर भरवसा ठेवून वाहिलं. एकदाही आपटले नाही.

मग इत्झेलबाई आल्या. शहरात सहली ठरवायचं त्यांचं ऑफिस. 'जंगलातल्या नदीकाठच्या गावी एक दिवस' असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवायला त्या बसल्या कुठे, तर माझ्याच काठावर! मांडीवर वेळापत्रकाचा कागद, वर प्लास्टिक, भिजू नये म्हणून. कागदाची एवढी काळजी बघून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"दहाला होडी, अकराला नाच, एकला जेवण, अडीचला धबधबा, चारला परत," त्यांनी वाचून दाखवलं.

ओलिंपिओ म्हणाला, "बाई, ऑक्टोबर आहे हा. इथे ऊन असलं तरी वर डोंगरात दुपारी कोसळतो. एकच्या आत धबधबा सोडायला हवा. आधी धबधबा करा, मग जेवण."

"उपाशी पाहुणे हसत नाहीत हो आजोबा. फोटो खराब येतात." मग त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि पुढे तुम्ही उभे राहणार? हे बूट घालून?"

"मग काय पाण्यावरून चालत येऊ?"

लोक हसले, पण बाईंनी त्याच्या जावयाकडे, एवेलिओकडे बोट केलं. रुंद छाती, गळ्यात मण्यांच्या माळा, दात पांढरेशुभ्र. इंजिन चालवण्यात पटाईत, पण पुढे कधी उभा राहिलेला नाही. "हा चालेल. फोटोत शोभून दिसेल."

मला वाटलं, आता आमची माणसं यांना सुनावतील. सुनावतायत कसली! आमच्या गावाची प्रमुख बर्तिल्दा म्हणाली, "ओलिंपिओदादा, पाहुणे यायचे थांबतील. तुम्ही ढोल वाजवा."

आवरेलिना उसळली, "काय गं बर्तिल्दा, तुझ्या तिसऱ्या बाळंतपणाला याच होडीतून नेलं ना तुला? तेव्हा पुढे कोण होता? ढोलवाला?"

बर्तिल्दाने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. आणि ओलिंपिओने काय केलं? काठी जावयाच्या हातात दिली आणि निघून गेला. बाईंचा राग आलाच, पण त्याचा जास्त आला. अरे, मला कोरलंस तू, भांड की!

त्या दिवशी अकरा पाहुणे आले. त्यांनी नाच पाहिला, पानात वाढलेला तळलेला मासा आणि केळ्याच्या चकत्या खाल्ल्या आणि अडीचला धबधब्यावर पोचले. परत निघालो तेव्हा माझ्या तळाला पाणी जड लागायला लागलं. वाळकी पानं, काटक्या, मातकट फेस. मला कळलं, पण माझं तोंड कुठे उघडतं? पुढे एवेलिओ नदीकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून हसत होता. "आणखी एक, आणखी एक," पाहुणे म्हणत होते.

वळणावरच्या खडकावर ओलिंपिओ दिसला. ढोल टाकून काठाकाठाने धावत आला होता. दोन्ही हात वर, आकाशाला टेकवल्यासारखे. इंजिनावर बसलेल्या रुफिनोने पाहिलं. पण नियम म्हणजे नियम, त्याने एवेलिओचा हात बघितला. तो होता कमरेवर. रुफिनोने होडी तशीच पुढे काढली.

मग वरून पाणी आलं. मी खडकावर आपटले आणि मधोमध फाटले. ओलिंपिओने उडी घेतली. एकेकाची कॉलर धरून, केस धरून, शिव्या देत देत त्याने खडकाशी आणलं. एवेलिओ आणि रुफिनो वर ओढून घेत होते. अकराच्या अकरा बाहेर निघाले. शेवटची पाहुणी वर चढली आणि तेवढ्यात माझा हा पुढचा अर्धा भाग गरकन फिरला. ओलिंपिओचा गुडघा माझ्यात आणि खडकात सापडला. ज्याने मला घडवलं त्याचा पाय मीच चिरडला. मला स्वतःचा येतो तेवढा राग दुसऱ्या कुणाचा येत नाही.

वर्ष झालं. ओलिंपिओ आता कुबडी घेऊन माझ्यावर बसून असतो. आणि ऐका, इत्झेलबाई पुन्हा आल्या! नवा कागद, नवं प्लास्टिक. त्यात लिहिलंय, 'दोन वाजता: पुरातून वाचवणाऱ्या आजोबांची भेट.' आता त्यांना तो फोटोत हवाय. बूटसुद्धा चालतात म्हणे. धबधबा मात्र अजून अडीचलाच!

परवा असेच अकरा जण आले. ओलिंपिओला भेटून नव्या होडीत जाऊन बसले. इंजिन सुरू होतं आणि एवेलिओ पुढे काठी घेऊन उभा होता. बाई कॅमेरा सावरत म्हणाल्या, "आजोबा, एकदा हात वर करा ना, त्या दिवशीसारखे."

ओलिंपिओने नदीकडे, पाण्याच्या रंगाकडे बघितलं. मग कुबडी टाकली, माझा काठ धरून माझ्या पुढच्या टोकावर उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

एवेलिओने ते पाहिलं आणि लगेच स्वतःचे दोन्ही हात वर केले. रुफिनोने इंजिन बंद केलं.

"उतरा सगळे," एवेलिओ म्हणाला.

"अरे वेड्या, फोटोसाठी केलेत त्यांनी!" बाई किंचाळल्या.

"हात वर झाले की उतरायचं, बाई. का ते नंतर विचारायचं."

"आजोबा, सांगा ना त्याला, गंमत होती म्हणून!"

ओलिंपिओने चिरडलेल्या गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, माझ्या लाकडाला ते कळलं, पण हात खाली घेतले नाहीत.

तुम्हीही कधी अशा नदीवर एका दिवसासाठी यायचं ठरवाल. खुशाल या. फक्त कागद करायच्या आधी पुढच्या टोकावर जो उभा राहतो त्याला विचारा, त्याचे बूट कसलेही असोत. परवा वर धबधब्याशी पाणी आलं की नाही, मला ठाऊक नाही. अकरा पाहुणे काठावर उन्हात उभे राहून तणतणत होते, दिवस फुकट गेला म्हणत होते. तणतणू देत. कोरडे होते ना!