मूस तापली होती

मित्रांनो, काचेच्या कपाटात बसलेली ही जुनी, गोल पोटाची चांदीची चहादाणी म्हणजे मी. अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावात लेम्युएल हस्किन्स या चांदीच्या कारागिराने जुनी नाणी वितळवली, पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला आणि बहीण ड्रुसिला हिचे नाव माझ्यावर कोरून तिच्या लग्नात मला भेट दिले.

ड्रुसिलाने मला फार जपले. समुद्रावरून सुखरूप परतलेल्या प्रत्येकाला पहिला चहा माझ्यातूनच मिळे. पुढे उंच चहादाण्यांची टूम निघाली. त्या काळी जुनी चांदी आटवूनच नवी भांडी घडवत. ड्रुसिलाची सून केझाया मला लेम्युएलच्या दुकानात घेऊन आली.

"मामा, हिची उंच, नक्षीदार करून द्या. हे मडकं बघून पाहुणे गालात हसतात."

भट्टीवर चांदी वितळवायची मूस तापली होती. माझे धाबे दणाणले.

मागोमाग काठी टेकत ड्रुसिला आली.

"सासूबाई, तुम्हीच हो म्हणालात ना?"

"म्हणाले ना! घर आता तुझं आहे, पोरी. पण ती मुशीत जाण्याआधी तिच्यातून एक घोट पाजशील?"

केझायाने चहा केला. दुकानातली नवी, उंच चहादाणीही भरली. कशी ओतते ते तिला पाहायचे होते. नवीची धार तोटीवरून ओघळली आणि तिच्या पांढऱ्या एप्रनवर डाग पडला. मग तिने मला उचलले. धार सरळ कपात गेली, बाहेर थेंबही नाही.

"मामा, तुमची नवी तर लाळ गाळते!"

लेम्युएल खो खो हसला. "मग काय करू? टाकू या जुनीला मुशीत?"

केझायाने मला छातीशी धरले. "हात तर लावून बघा!"

ड्रुसिला तोंड फिरवून डोळे पुसत होती.

त्यानंतर केझायानेही मला आयुष्यभर वापरले. तिच्या पणतीने मला या संग्रहालयाला दिले. इथे मारिसोल माझी देखभाल करते. परवा एका आजोबांनी तिला हटकले, "अगं, काळी पडलीय की! घासत का नाहीस?"

"घासलं की दर वेळी थोडी चांदी जाते, आजोबा. अशाने तिच्यावर कोरलेलं नावच पुसून जाईल."

मित्रांनो, तुमच्या घरातही चांदीचे एखादे भांडे कपाटात पडून असेल. त्याला राखेने खरवडू नका. बाहेर काढा, वापरा, हलक्या हाताने धुवा आणि मऊ फडक्याने पुसा. आम्हाला माणसांचे हात हवे असतात.