बंदी असलेला डाव

"मॅडम, कोनीच दखं नही," पुनम हसत म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली.

सुनंदाबाईंनी पाहिलं होतं. विभागीय ज्युदो स्पर्धेची शेवटची लढत. जळगावची रूपल खाली, पुनम वर. पंच हातांकडे बघत होते, तेवढ्यात पुनमने रूपलचा पाय आपल्या पायांत धरून गुडघा पिळला. रूपलने गादीवर थापा मारून हार मानली. पंचांना वाटलं, कोपर दाबलं. कोपराला पेच चालतो. पायाला बंदी आहे, कारण गेलेला गुडघा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

"हे कुठे शिकलीस?"

"तुम्हीनच शिकाडं ना माले."

शिकवलं होतंच. शिंदखेड्याच्या शाळेत, मोबाइलवर बघून बघून ज्युदो शिकलेल्या बाईंना एका दुपारी मिरवायची हुक्की आली होती. 'नुसतं माहीत असू द्या,' म्हणत त्यांनी तो डाव पोरींना दाखवला होता. आता तोंडाला कडू पाणी सुटलं.

कोपऱ्यात रूपल गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. "पाय पिळला हिने," येईल त्याला सांगत होती. हरलेल्याचं कोण ऐकतं?

संघटनेचे सचिव प्रेमराजभाऊ भरीत-पुरीची प्लेट घेऊन आले. बाईंनी त्यांना खरं ते सांगितलं. भाऊंनी पुरीचा तुकडा मोडला.

"पंचांना दिसलं का? नाही ना? मग झालंच नाही. पोरगी राज्याला चालली तुमची, अन् तुम्हीच सुतकी तोंड करून बसल्या. घ्या, भरीत गार होतंय."

त्यांच्या हनुवटीवर तेल ओघळलं होतं. बाईंना त्या तेलाची किळस आली. मग कळलं, तेल निमित्ताला. शिसारी स्वतःचीच आलीय.

त्या उठून पंचांच्या टेबलाशी गेल्या. "माझ्या मुलीने पाय धरला. डाव मीच दाखवलेला."

पुनम बाद झाली. राज्य स्पर्धेला रूपलचं नाव गेलं; गुडघा बरा झाला तर ती खेळणार.

धुळ्याच्या गाडीत पुनमने बाईंनी उसना दिलेला तपकिरी पट्टा त्यांच्या शेजारच्या सीटवर फेकला आणि पार मागे जाऊन बसली. पारोळ्याला गाडी भरली.

"अक्का, आठे कोनी शे का?" पोतं सांभाळत एकाने बाईंच्या शेजारच्या सीटकडे बोट दाखवून विचारलं.

"शे ना भाऊ. मन्ही पोर शे."

बाईंनी पट्ट्याची नीट घडी घातली आणि तिथेच ठेवली.